पोटाचं बटण

बसा व्याहीबुवा, बसा. तिकडे नको, ती खुर्ची डुगडुगते. इकडे मेणबत्तीजवळ बसा. वीज गेली आहे मघाशीच, येईल तेव्हा येईल. लेक गोळ्या आणायला गेली आहे. औषधाच्या दुकानात या वेळी झुंबड असते, तेव्हा तिला उशीर होणार. जावईबापू आतल्या खोलीत झोपलेत. आत्ताच डोळा लागलाय, म्हणून जरा हळू बोलू.

तुम्ही दारातून आत आलात आणि पिशवीसुद्धा खाली न ठेवता माझे दोन्ही हात धरलेत. म्हणालात, "तुम्ही होतात म्हणून माझा पोरगा वाचला." परवा विहीणबाईसुद्धा फोनवर हेच म्हणत रडल्या. गोदामात हेच, शेजारीपाजारी हेच. काल कोपऱ्यावरच्या चहावाल्याने तर माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. माझी अवस्था काय होते म्हणून सांगू? मेल्याहून मेल्यासारखं होतं. तेव्हा आज सांगूनच टाकतो. लेक यायच्या आत सांगतो. मधे काही विचारू नका, एकदा थांबलो तर पुन्हा तोंड उघडायचं नाही माझं.

तुम्हाला ठाऊक आहे, मी उभं आयुष्य फोर्कलिफ्ट चालवली. गादीवर बसून, राजासारखी. खालून माणसं बाजूला व्हायची, मी वरून मान हलवायचो. मग डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. कंपनीच्या डॉक्टरने एका कागदावर सही केली आणि मला खाली उतरवलं. घरी बसवलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण साहेबांनी उपकार केले. म्हणाले, "तुम्हाला बॅटरीच्या ट्रॉलीवर घेतो." हत्तीवरून उतरवलं आणि गाढवाच्या मागे चालायला लावलं, असं झालं ते. काप गेले नि भोकं राहिली, पण माझी मान काही खाली येईना.

ती ट्रॉली तुम्ही पाहिली नसेल. दोन लांब लोखंडी पाती असतात, ती मालाच्या लाकडी चौकटीखाली घालायची. बटण दाबलं की माल वीतभर उचलला जातो. पात्यांच्या दुसऱ्या टोकाला बॅटरीची पेटी आणि पेटीतून निघालेला दांडा. त्या दांड्याला धरून आपण पायी चालायचं, ट्रॉली आपल्या सोबत येते. अंगठ्याने फिरवायची एक कळ असते, ती जशी फिरवाल तशी ट्रॉली पुढेमागे होते. दांडा सोडला की तो आपोआप उभा राहतो आणि ब्रेक लागतो. दिसायला खेळणं, पण वर फरशांच्या खोक्यांची थप्पी असली की वजन एवढं, की पायावर गेली तर पायाचा चुरा.

आणि दांड्याच्या टोकाला, बरोबर आपल्या पोटासमोर, एक लाल बटण असतं. मोठं, तळहाताएवढं. समजा, तुम्ही ट्रॉली स्वतःकडे ओढत मागे मागे येताय आणि मागे भिंत आली. तुम्हाला सरकायला जागा नाही, ट्रॉली तर अंगावर येतेय. तेव्हा ते बटण पोटाला टेकतं, टक्‌ असा आवाज होतो आणि ट्रॉली उलट दिशेला, तुमच्यापासून लांब पळते. आम्ही त्याला पोटाचं बटण म्हणतो. एवढं एक लक्षात ठेवा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

तर नियम असा, की ट्रॉली हातात द्यायच्या आधी सकाळभर शिकायचं आणि दुपारी परीक्षा द्यायची. नापास झालात तर घरी जा. आणि शिकवणारा कोण? आमचे जावईबापू! माझ्या घरी आले की मी त्यांना चांगली खुर्ची पुढे करतो, आणि तिथे त्यांच्यासमोर मी हाताची घडी घालून उभा. लेकीला म्हटलं, "मला लाज वाटते गं." ती हसली. म्हणाली, "बाबा, ते घरात तुमच्यापुढे पाय पसरत नाहीत, तिथे काय तुम्हाला छडी मारणार आहेत?"

खरंच हो, सोन्यासारखा माणूस. सगळ्यांना नावाने हाक मारत होते, मला मात्र "मामा". झालं, बाकीच्यांनीही मला मामा करून टाकलं. जावईबापू सांगत होते, दर वेळी सुरुवात करायच्या आधी लाल बटण तळहाताने दाबून बघायचं. जेवून आलात तरी पुन्हा दाबून बघायचं. ट्रॉलीच्या बाजूने चालायचं, तिच्या वाटेत नाही. वर पाय ठेवून स्वारी करायची नाही. कोपऱ्यावर भोंगा द्यायचा. आणि ट्रॉली एकीकडे, भिंत एकीकडे, मधे आपण, असं कधीच उभं राहायचं नाही. मी मान डोलवत होतो. मनात म्हणत होतो, पोरा, तू शाळेत होतास तेव्हा मी कंटेनर रिकामे करत होतो.

गोदामाच्या अगदी टोकाला एक गल्ली आहे. दोन्ही बाजूंना लोखंडी रॅक, शेवटी भिंत. बाकी सगळीकडे पांढरा उजेड असतो, पण तिथली ट्यूब धड पेटत नाही. नवीन घातली तरी दोन दिवसांत फडफडायला लागते. बाहेर ऊन रणरणत असलं तरी त्या भिंतीपाशी गार लागतं. वास येतो ओल्या पुठ्ठ्याचा, आणि त्याखाली आणखी कसला तरी. घामाने भिजलेला सदरा बरेच दिवस कोंडून ठेवावा तसा. फोर्कलिफ्ट त्या गल्लीत मावत नाही, त्यामुळे इतकी वर्षं मी तिथे कधी गेलोच नव्हतो. परीक्षा तिथेच असते, कारण जागा अडचणीची. भिंतीपर्यंत जायचं, शेवटच्या खणातला माल उचलायचा आणि ट्रॉली ओढत बाहेर यायचं.

सकाळी सराव चालू झाला. माझी पाळी आली. मी माल उचलला, दांडा धरला, कळ फिरवली, आणि टक्‌! ट्रॉली मला सोडून उलटी पळाली.

मला वाटलं, पोट लागलं असेल. आहे थोडं सुटलेलं, नाकारत नाही. मी हात लांब केले. पुन्हा कळ फिरवली. टक्‌! पुन्हा ट्रॉली पळाली. गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली माणसं फिदीफिदी हसायला लागली. त्यात एक हमाल आहे, त्याला सगळे ढोल म्हणतात, कारण त्याचा आवाज गावभर जातो. तो ओरडला, "मामा, पोट आत घ्या! नाहीतर पोट बाहेर ठेवून या!" हशा पिकला नुसता.

तिसऱ्या वेळी मी दांडा पूर्ण हात ताणून धरला. माझं पोट आणि बटण यांच्यामधे एक माणूस उभा राहील एवढी जागा होती. मुद्दाम खाली बघून खात्री केली. हळूच कळ फिरवली. आणि व्याहीबुवा… दांडा कशाला तरी टेकला. मऊ. भरलेल्या पोत्याला टेकावा तसा. मी कळ सोडली, तरी दांडा टेकलेलाच. आणि तो हलत होता. जरासा माझ्याकडे यायचा, जरासा मागे जायचा. पुन्हा माझ्याकडे, पुन्हा मागे. झोपलेल्या माणसाच्या पोटावर हात ठेवला की कसा हलतो… तसा. तो वास एकदम नाकाशी आला. मग टक्‌ झालं आणि ट्रॉली पळाली.

माझी पाचावर धारण बसली. पण मागे ती सगळी मंडळी दात काढून उभी. काय सांगणार त्यांना? म्हातारा यंत्राला घाबरला, वर भुताचं नाव सांगतो?  जावईबापू आले, त्यांनी दांडा घेतला आणि ट्रॉली अलगद बाहेर काढली. काही झालं नाही. माझ्या खांद्याला हात लावून अगदी हळू म्हणाले, "मामा, थोडं अंतर ठेवा, बस्स. दुपारी जमेल." ओरडले असते ना, तर बरं वाटलं असतं मला. त्या मायेने माझं नाक अजूनच कापलं.

जेवणाची सुट्टी झाली. सगळे बाहेर डबे सोडून बसले. मी डबा न उघडताच ठेवला. मी उठलो, एकटाच आत गेलो आणि एका खोक्याचा पुठ्ठा फाडला.

आमच्या धंद्यातलं हे जुनं शहाणपण आहे. कोणी शिकवत नाही, सगळ्यांना येतं. अडचणीच्या जागी बटण सारखं पोटाला लागतं, ट्रॉली सारखी मागे पळते, कामाचा खोळंबा होतो. मग बटणाच्या कडेच्या फटीत पुठ्ठ्याची घडी खोचायची. बटण आत जात नाही. बाहेरून दिसतही नाही. मी खोचली. अंगठ्याने दाबून बघितलं. दगडासारखं घट्ट झालं होतं.

मग त्या गल्लीत गेलो. भिंतीपासून ट्रॉली ओढायला लागलो. टक्‌ नाही, काही नाही. पण दांडा जड लागत होता. समोरून कोणीतरी दोन्ही हातांनी ढकलून मला अडवतंय, असा. आणि अगदी माझ्या तोंडासमोर कोणीतरी श्वास आत ओढला. सोडला नाही हो. नुसता ओढला आणि धरून ठेवला… बोलायच्या आधी माणूस घेतो तसा. मी ट्रॉली खेचून बाहेर आणली आणि मागे न बघता उजेडात आलो. मनाशी ठरवलं, परीक्षा एकदा होऊ दे, घडी काढून टाकू. कोणाला काय कळणार.

दुपारी सगळे पुन्हा त्या गल्लीच्या तोंडाशी जमले. माझंच नाव पहिलं. मी दांड्याला हात घालणार, तेवढ्यात जावईबापू म्हणाले, "एक मिनिट मामा. आधी मी यांना एक दाखवतो." आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "सकाळी मामांची ट्रॉली पळत होती तेव्हा तुम्ही हसलात. पण ते बटण तुमचा वैरी नाही. ते नसेल तर काय होईल, याचा विचार करा. मी मुद्दाम भिंतीला पाठ लावून ट्रॉली अंगावर घेतो. बघा ती कशी माघार घेते."

कळतंय ना तुम्हाला? माझी लाज राखायला निघाले होते ते. मला कोणी हसू नये म्हणून.

ते ट्रॉलीचा दांडा भिंतीकडे करून आत गेले आणि शेवटच्या भिंतीला पाठ टेकून उभे राहिले. दांडा हातात घेतला. मग थांबले. त्यांना त्यांचाच नियम आठवला. मला विचारलं, "जेवणानंतर बटण तपासलंय ना मामा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ढोल तोंडावर हात ठेवून हसू दाबत होता. "थांबा" एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. नाहीतर मान आडवी हलवायची होती. व्याहीबुवा, मी मान उभी हलवली. हो म्हटलं.

त्यांनी अगदी कमी वेगाने कळ फिरवली. ट्रॉलीवर मी सुट्टीत बाहेर आणलेला माल तसाच होता, फरशांची भरलेली थप्पी. दांड्याचं टोक त्यांच्या पोटाला टेकलं. ते हसत आमच्याकडे बघत होते. टोक आत रुतलं. हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर, फक्त डोळे बदलले. अंगठा कळेवर अडकला होता, कळ आणि पोट यांच्यामधे. हात निघेना. दांडा सोडता येईना, म्हणून ब्रेक लागेना. तोंड उघडलं, पण आवाज नाही. बाकीच्यांना वाटलं, गंमत करतायत, शिकवायची पद्धत आहे. फक्त मला ठाऊक होतं काय चाललंय ते. आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लहान मूल पडल्यावर आधी आईबापाकडे बघतं ना, तसं.

मी हललो नाही. पाय जमिनीत रुतले होते, बोबडी वळली होती, असं सगळं म्हणता येईल. पण खरं सांगू? त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच होतं, आता सगळ्यांना कळणार.

मग ट्यूब फडफडली. जावईबापूंची पाठ भिंतीपासून सुटली. मी शपथेवर सांगतो, ट्रॉली त्यांना भिंतीत दाबत होती आणि ते पुढे आले. मागून कोणीतरी स्वतःला मधे घालावं, खांद्याने जागा करावी, तसे पुढे आले. भिंत आणि पाठ यांच्यामधे फट पडली आणि त्या फटीत अंधार होता. नुसती सावली नव्हती ती. भरलेला अंधार होता. त्यांचा अंगठा कळेवरून उचलला गेला. एकेक बोट सुटलं. दांडा उसळून उभा राहिला, ब्रेक लागला आणि ते गुडघ्यांवर कोसळले.

आता ओरडाआरडा झाला. सगळे धावले. मीही धावलो, सगळ्यांच्या आधी पोहोचलो. पण कुठे? ट्रॉलीपाशी. माझा पहिला हात त्या पुठ्ठ्याच्या घडीकडे गेला. ती काढली, खिशात कोंबली आणि मग तुमच्या मुलाकडे वळलो. हे मी आजवर कोणापुढे उच्चारलेलं नाही.

मी त्यांना मिठीत धरलं. ते कण्हत म्हणाले, "मामा… तुम्ही मागे होतात. तुम्ही अंगठा सोडवलात माझा." ढोल माझ्या पाठीवर थाप मारून ओरडला, "मामा विजेसारखे घुसले हो मधे! मी बघितलं!" काय बघितलं त्याने, देव जाणे. फडफडत्या उजेडात ज्याला जे दिसायला हवं होतं ते त्याला दिसलं. आणि मी? मूग गिळून बसलो. जखमी जावई मांडीवर, आणि लोक माझी पाठ थोपटतायत.

दोन बरगड्या मोडल्या आणि पोटाला आतून मार बसला, ते तुम्हाला कळलंच आहे. जे कळलं नाही ते सांगतो. मेकॅनिक आला, त्याने ट्रॉली तपासली. बटण अगदी व्यवस्थित चालतंय म्हणाला. चालणारच. मग चूक कोणाची? शिकवणाऱ्याची. भरल्या मालानिशी ट्रॉली अंगावर घेतली, तपासणी केली नाही. उद्या चौकशी आहे. शिकवायचं काम तर जाणारच, नोकरीही जाईल असं साहेब बोलले. आणि तुमचा पोरगा काय म्हणतो? "माझाच अंगठा अडकला असेल मामा, चूक माझीच." मी तपासलंय म्हणून मान हलवली होती, हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. मला वाचवतायत ते. अजूनही.

दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी लेक त्यांच्या पाठीला मलम लावत होती. मी दिवा धरून उभा होतो. ती थांबली. म्हणाली, "बाबा, तुमच्या शर्टाची बटणं उमटलीत यांच्या पाठीवर." मी वाकून बघितलं. मणक्याच्या बाजूने वरपासून खालपर्यंत बारीक गोल ठसे, निळे पडलेले. खाली पट्ट्याच्या बकलाचा चौकोन. ती कौतुकाने बघत होती. मग तिने मान वर केली. मी कामावरचेच कपडे घातले होते. आमचा कामाचा कपडा तुम्ही बघितला आहे, व्याहीबुवा. डोक्यातून घालायचा बनियनसारखा शर्ट. त्याला एकही बटण नसतं. आणि पट्टा तर मी वापरतच नाही, नाडीची पँट घालतो.

 लेकीने त्यांच्या पाठीवर चादर ओढली आणि हात धुवायला गेली. तेव्हापासून ती मला चहा देते, जेवायला वाढते. बाबा म्हणत नाही.

मला राहवेना. गोदामात झाडलोट करणाऱ्या बाई सगळ्यांत जुन्या आहेत, त्यांना गाठलं.  त्या म्हणाल्या, आधीच्या मालकाच्या वेळी एक ट्रॉलीवाला होता. जाडजूड, हसतमुख, इस्त्रीचा सदरा घालून यायचा. त्या भिंतीशी दाबला गेला. भर दुपारी, माणसं आजूबाजूला असताना. बटणात पुठ्ठा सापडला होता. त्याचा स्वतःचा नव्हता, तो म्हणे फार काळजीने काम करायचा. मी विचारलं, "मग कोणी खोचला?" बाई म्हणाल्या, "ते कधी कळलंच नाही. जो होता तो बोलला नाही."

मला कळलं हो. नाव नाही कळलं, पण कसला माणूस असेल ते कळलं. रोज दाढी करताना आरशात दिसतो.

आणि खरी लाज पुढेच आहे. मी समजत होतो, अशी माणसं मागे राहतात ती सूड घ्यायला. याने काय केलं? सकाळभर स्वतःचं पोट मधे घालून मला त्या भिंतीपासून लांब ढकललं. त्याला येत होतं तेवढंच त्याने केलं. आणि मी त्याचं तोंड पुठ्ठा घालून बंद केलं. मेलेला माणूस मधे उभा राहिला, जिवंत माणूस बघत राहिला.

उद्या साहेबांपुढे सांगायचं ठरवलंय. पण त्याआधी जावईबापूंना सांगायला हवं. रोज ठरवतो. रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी जातो, तोंड उघडतो, आणि ते डोळे मिटून म्हणतात, "मामा, तुम्ही मागे असलात ना, की मला झोप लागते. रात्रभर हात ठेवता पाठीवर, बरं वाटतं." मी रात्री माझ्या घरी असतो, व्याहीबुवा. बस पकडून जातो मी. लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, मी खाली जमिनीवर झोपते, त्यांना धक्का लागायला नको म्हणून. तरी मी त्यांना "तो मी नव्हे" म्हणालो नाही. तेवढंही निघालं नाही तोंडातून. फुकटची माया घेत राहिलो.

तुम्ही बाप आहात त्यांचे. मला काय बोलायचं ते बोला. दोन थोबाडीत दिल्यात तरी मी गाल पुढे करीन. फक्त असे गप्प बसू नका…

थांबा.

ऐकलंत?

नाही, उठू नका. झोपेत बोलतायत ते. औषधाची गुंगी असते. पुन्हा बोलतील, ऐका…

"मामा… जरा सरका ना. भिंतीकडे जागा आहे बघा."

मला म्हणतायत. मामा ते मलाच म्हणतात, आणखी कोणाला नाही. आणि मी इथे बसलोय तुमच्यासमोर. माझे हात बघा, तुमच्या हातात आहेत. आत दुसरं कोणी नाही. मागचं दार मीच लावून घेतलंय.

पलंग करकरला. ऐकलंत ना? सरकला तो.

आत जायला हवं. दारात उभं राहून म्हणायला हवं, जावईबापू, मी इकडे बाहेर आहे, तो मी नाही, तो मी कधीच नव्हतो. आत्ता म्हणायला हवं. आत्ता नाही म्हणालो, तर उद्या साहेबांपुढेही नाही म्हणणार, माहीत आहे मला.

उठतो. उठतोच आहे.

व्याहीबुवा… तुम्ही जरा पुढे होता का?